पाण्याखाली जाणारा पूल

वर्तमानपत्रात भिडे पुलाचा फोटो येतो तो बहुतेक वेळा पूल दिसेनासा झाल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पानावर चॉकलेटी पाण्याचा एक रुंद पट्टा छापून येतो आणि खाली ओळ असते, ‘भिडे पूल पाण्याखाली’. चित्रात पुलाचा मागमूस नसतो. पाण्याला पडलेली एक आडवी घडी, तिच्यापुढे उसळलेला फेस, एवढ्यावरून ओळखायचं की इथे खाली रस्ता आहे. वर्षाचे बाकीचे महिने पूल उघडा असतो, दुचाक्यांची रांग त्यावरून सकाळ-संध्याकाळ वाहत असते, आणि त्या दिवसांत त्याच्याकडे कॅमेरा वळवावा असं कोणाला वाटत नाही.

वाटावं तरी का? वांद्रे-वरळी सागरी सेतूसमोर किंवा हावड्याच्या पुलासमोर उभ्या राहणाऱ्या फोटोग्राफरचं निम्मं काम इंजिनिअरांनी आधीच करून ठेवलेलं असतं. तिथे तारांचे पंखे आहेत, पोलादाची जाळी आहे, आकाशाला भिडणारी उंची आहे. बाबा भिडे पूल यातलं काहीच देत नाही. डेक्कन जिमखाना आणि पेठा यांना जोडणारी, नदीच्या तळाला चिकटून गेलेली काँक्रीटची एक सपाट पट्टी, एवढंच त्याचं रूप. शहरातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो या पुलाला सोयीचा म्हणेल, गर्दीचा म्हणेल, पावसाळ्यात भरवशाचा नाही म्हणेल. सुंदर म्हणणार नाही. या प्रकरणासाठी तो निवडला तो म्हणूनच. साध्या वस्तूचा फोटो काढायला तीक्ष्ण नजर लागते असं नेहमी सांगितलं जातं, पण ती नजर येते कुठून हे कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की ती बऱ्याच अंशी माहितीतून येते. हा पूल असा सपाट का, पाणी उजेड कसा परतवतं, सूर्य कोणत्या महिन्यात कुठून उगवतो, हे कळत गेलं की पट्टी पट्टी राहत नाही.

सुरुवात सपाटपणापासूनच करू. पूल बांधताना पहिला प्रश्न असतो तो पुराच्या पातळीचा. नेहमीचा पूल नदीच्या आजवरच्या मोठ्या पुराच्या रेषेच्या वर उचलतात. त्यासाठी उंच खांब, दोन्ही काठांवर लांब चढ-उतार, जास्त जागा आणि पुष्कळ पैसा लागतो. दुसरा मार्ग पुराशी समझोता करण्याचा. पूल मुद्दाम खाली ठेवायचा, वर्षातले काही दिवस तो बुडेल हे मान्य करायचं, आणि बुडाला तरी वाहून जाणार नाही एवढा मजबूत करायचा. अशा पुलाला भिंतीसारखे उंच कठडे घालत नाहीत, कारण पुरात त्यांना झाडोरा, जलपर्णी, कापडं, प्लास्टिक अडकतं आणि पाण्याचा सगळा दाब त्या अडथळ्यावर येतो. वर फार काही उभं करायचं नाही, खाली खांब आखूड ठेवायचे, पाण्याला वरून जाऊ द्यायचं. म्हणजे या पुलाला आकार नाही असं जे वाटतं ते खरं नाही. त्याचा आकार पुराने ठरवला आहे.

हे एकदा लक्षात आलं की फोटोत काय धरायचं ते सापडतं. पेठांच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर डोळ्यांसमोर एकही लांब, अखंड आडवी रेषा येत नाही. इमारती उभ्या, गल्ल्या वळणाच्या, पाट्या, तारा, झाडं. नदीपात्रात उतरलं की अचानक ही एक सरळ रेषा समोर येते आणि तिच्यावरून माणसं जाताना दिसतात. भिंतीसारखा कठडा नसल्यामुळे माणूस बराचसा दिसतो, पावलं टाकताना दिसतो. उंच कठड्याच्या पुलावर खालून पाहिलं तर डोकी आणि खांदे सरकत जातात. इथे चाल दिसते. दप्तराच्या ओझ्याने पुढे झुकलेली शाळकरी मुलगी, सायकल हातात धरून चालणारा म्हातारा, दोन पिशव्यांनी तोल साधणारी बाई. मागे उजळ आकाश किंवा चमकतं पाणी आणि पुढे या काळ्या आकृत्या. त्यासाठी एक्स्पोजर मागच्या उजेडावर ठरवायचं आणि माणसं काळी पडू द्यायची. मोबाइलवर आकाशावर बोट दाबून धरलं की बहुतेक कॅमेरे तो उजेड पकडून ठेवतात.

आता उभं कुठे राहायचं. या पुलाचं भाग्य असं की त्याला शेजार चांगला मिळाला आहे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला संभाजी पूल, म्हणजे पुणेकरांचा लकडी पूल. खालच्या अंगाला काकासाहेब गाडगीळ पूल, ज्याला सगळे झेड ब्रिज म्हणतात. पानिपताच्या वर्षी, १७६१ मध्ये, पेशवाईत लाकडाचा बांधलेला लकडी पूल पुढे दगडात उभा राहिला. पानिपताहून परतणाऱ्या सैनिकांना भर वस्तीतून तोंड लपवत जावं लागू नये म्हणून तो घाईने बांधला, अशी गोष्ट पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिथून भिडे पूल पाहिला की अंतरामुळे तो बारीक होतो, आणि त्याच्या पलीकडचा झेड ब्रिज त्याच्या डोक्यावर आल्यासारखा दिसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लांब पल्ल्याची लेन्स गोष्टी एकमेकींच्या जवळ आणते, असं समजतात. जवळ आणतं ते तुमचं लांब उभं राहणं. दोन वस्तूंच्या आकारांचं आपसातलं प्रमाण कॅमेरा कुठे आहे यावर ठरतं. लेन्स फक्त त्या दृश्याचा तुकडा कापून मोठा करते. लकडी पुलावरून साध्या लेन्सने फोटो काढा आणि नंतर त्याचा मधला भाग मोठा करा, दोन्ही पुलांचं नातं तेच राहील. म्हणून लेन्स बदलण्याआधी जागा बदलावी. पात्रातल्या रस्त्यावर पुलाच्या अगदी जवळ जाऊन बसलं तर हीच पट्टी फ्रेमच्या एका कोपऱ्यातून रुंद निघून दुसऱ्या टोकाला निमुळती होत पेठेत शिरते. झेड ब्रिजवरून पाहिलं तर ती तिरपी आडवी पडते आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या सावल्यांएवढी होतात.

सावल्यांचा हिशेब मला या पुलाचा सगळ्यात आवडता भाग वाटतो. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. या अक्षांशावर जूनच्या अखेरीस सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला. दोन टोकांमध्ये ५० अंशांचा फरक. नदी इथे ढोबळमानाने ईशान्येकडे वाहते. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी सकाळचा पहिला उजेड बराचसा नदीच्या लांबीवरून, खालच्या अंगाकडून येतो आणि पाण्याची कातडी चमकवतो. थंडीत तोच उजेड पेठांच्या घरांवरून तिरका उतरतो, पात्राचा एक भाग उशिरापर्यंत सावलीत राहतो. जागा तीच, घड्याळात वेळही तीच, आणि चित्र वेगळं. भर दुपारचं ऊन फोटोला वाईट, असा नियम सगळीकडे सांगतात. पण पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात, म्हणून मे. त्या दिवशी मध्यान्हीला झेड ब्रिजवरून खाली पाहावं. माणसांच्या सावल्या त्यांच्या पायांखाली गोळा झालेल्या असतात आणि पुलाची सावली बरोबर पुलाखाली. इतर दिवशी पूल पाण्यावर सावलीची एक जोडरेघ ओढतो. त्या दिवशी ती पुसली जाते. असा फोटो नेहमीच्या अर्थाने देखणा नसेल, पण तो पृथ्वीवरच्या ठरावीक पट्ट्यातच मिळू शकतो. लंडनमध्ये किंवा दिल्लीत तो कधीच मिळणार नाही, कारण तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही.

पाण्याकडे वळू. पावसाळा संपून नदी उतरली की पुलाजवळ पाणी संथ होतं, काही जागी जवळजवळ थांबतं, आणि पुलाचं प्रतिबिंब पडतं. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल, ही समजूत फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे. संथ पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे, तुमचा डोळा पाण्याच्या पातळीपासून जितका वर आहे तितकाच खाली असता तर त्याला जे दिसलं असतं ते. म्हणजे वर तुम्हाला पुलाची कड आणि रस्ता दिसतो, आणि पाण्यात दिसते पुलाची खालची बाजू. तिथले शेवाळलेले डाग, काँक्रीट ओततानाच्या फळ्यांच्या खुणा, पुराने खरवडलेली कड. पुलाखाली न वाकता पुलाचं पोट पाहायला मिळतं. कमानीच्या पुलाचं प्रतिबिंब वर्तुळ पुरं करतं म्हणून ते सर्वांना आवडतं. सपाट पुलाचं प्रतिबिंब याहून जास्त सांगतं, कारण ते नवी बाजू दाखवतं.

ते स्पष्ट हवं असेल तर खाली बसावं लागतं, आणि याला कारण आहे. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते आपल्याकडे आलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परतवतं. बाकीचा आत शिरतो. नजर जितकी आडवी होत जाते तितकं पाणी आरशासारखं वागू लागतं. पृष्ठभागाशी केवळ १० अंशांचा कोन करून पाहिलं तर सुमारे एक तृतीयांश उजेड परत येतो, आणखी आडवं झालं तर निम्म्याहून जास्त. म्हणून झेड ब्रिजवरून जे पाणी मातकट आणि निस्तेज दिसतं त्याच पाण्यात, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली नेला, की पूल, आकाश आणि जाणारी माणसं उतरतात. पोलरायझर फिल्टर लावत असाल तर इथे जपून. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात हा फिल्टर प्रतिबिंब जवळपास पुसून टाकतो. तळातले दगड दाखवायचे असतील तर तो उपयोगी. प्रतिबिंब हवं असेल तर काढून ठेवावा किंवा फिरवून पाहावा.

रात्री हेच पाणी वेगळं वागतं. दिव्याचा ठिपका पाण्यात ठिपका राहत नाही, उभा लांबच लांब खांब होतो. पाण्यावरच्या प्रत्येक बारीक लाटेचा एखादा उतार दिव्याचा उजेड आपल्या डोळ्याकडे वळवत असतो, आणि असे उतार दिव्यापासून आपल्यापर्यंतच्या एका पट्ट्यात सगळीकडे असतात. वारा पडला की खांब आखूड होतो, वारा सुटला की पसरतो. सूर्य मावळल्यानंतरची २०-२५ मिनिटं यासाठी उत्तम, कारण आकाशात तेव्हा गडद निळा उजेड शिल्लक असतो आणि दिवेही लागलेले असतात. तो निळेपणा नुसत्या हवेने उजेड विखुरल्यामुळे येतो असं नाही. मावळलेल्या सूर्याचा उजेड वातावरणाच्या वरच्या थरातून फार लांबचा प्रवास करून येतो आणि वाटेत ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. संधिप्रकाशातल्या डोक्यावरच्या निळाईत ओझोनचा वाटा मोठा आहे.

हे सगळं लिहीत असताना एक गोष्ट टाळता येत नाही. पुलाखालचं हे पाणी घाण आहे. शहराचं सांडपाणी मुठेत येतं, कोरड्या महिन्यांत धरणातून वाहतं पाणी फारसं येत नाही, आणि पाणी थांबतं म्हणूनच आरसा होतो. हिवाळ्यानंतर पात्रात हिरवागार गालिचा पसरतो ती जलपर्णी, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेली. त्यावर पांढरे बगळे उभे असतात आणि दृश्य खरोखरच मोहक दिसतं. अशा वेळी फोटोग्राफरने काय करावं? घाण कापून टाकून फक्त सोनेरी पाणी दाखवायचं, हा मार्ग मला मान्य नाही. फक्त घाण दाखवून पुलाला आणि नदीला नालायक ठरवायचं, हाही नाही. सौंदर्य आणि सांडपाणी इथे एकाच फ्रेममध्ये आहेत आणि ते तसेच एकत्र ठेवता येतात. पुलाच्या खांबाला अडकलेल्या चिंध्यांवर सकाळचं ऊन पडलेलं असतं. त्या चिंध्या मागच्या पुराची उंची सांगतात. त्या फ्रेमच्या बाहेर ढकलल्या तर पुलाच्या वर्षभराच्या आयुष्यातली एक महत्त्वाची नोंद गळून पडते.

साध्या पुलावर नजर रोखणारे आपण पहिले नाही, हेही सांगायला हवं. हिरोशिगे या जपानी चित्रकाराने १८५७ मध्ये एदो शहरातल्या शिन-ओहाशी पुलाचं लाकडी ठशांचं चित्र केलं. त्यात एक साधा लाकडी पूल आहे, अचानक आलेला पाऊस आहे आणि डोकी झाकून लगबगीने जाणारी माणसं आहेत. तीस वर्षांनी व्हॅन गॉगने त्या चित्राची तैलरंगात नक्कल केली. मोने लंडनला सॅव्हॉय हॉटेलच्या खोलीतून वॉटर्लू पूल रंगवत राहिला. एकाच पुलाची त्याने चाळिसाहून अधिक चित्रं केली, कारण धुकं आणि धूर दर तासाला पूल बदलून टाकत होते.

पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते रॉटरडॅमचं. तिथे १९२७ मध्ये रेल्वेचा एक पूल सुरू झाला. दोन मनोऱ्यांमधला रुळांचा भाग सरळ वर उचलला जाई आणि खालून जहाजं जात. रॉटरडॅमकर त्याला ‘दे हेफ’ म्हणतात. योरिस इव्हेन्स या डच तरुणाने १९२८ मध्ये या पुलावर एक छोटा मूकपट केला, त्याचं नाव ‘पूल’ याच अर्थाचं. गोष्ट म्हणावं असं त्यात काहीच नाही. आगगाडी येते, थांबते. पूल वर जातो. जहाज निघून जातं. पूल खाली येतो. गाडी पुढे जाते. इव्हेन्स मनोऱ्यावर चढला, चक्रांजवळ गेला, दोरखंडांच्या मागे गेला, आणि पूल काम कसं करतो एवढंच त्याने दाखवलं. त्याच वर्षी जर्मेन क्रुल या छायाचित्रकार स्त्रीने ‘मेताल’ नावाचा ६४ फोटोंचा संच प्रसिद्ध केला. त्यात आयफेल टॉवर आहे, क्रेन आहेत आणि रॉटरडॅमचा हा पूलही आहे. तोवर लोखंडी पूल म्हणजे इंजिनिअरांचा विषय होता. क्रुलने तो अशा कोनांतून दाखवला की कुठे वर आणि कुठे खाली हे कळायला क्षणभर थांबावं लागतं. १९९३ मध्ये रेल्वे बोगद्यातून जाऊ लागली आणि पुलाचं काम संपलं. तो पाडायचं ठरत असताना लोकांनी विरोध केला आणि आज तो स्मारक म्हणून उभा आहे. त्या विरोधात या फिल्मचा आणि फोटोंचा किती हात होता हे मोजता येणार नाही. पण आपल्या शहरातल्या रेल्वेच्या एका निव्वळ कामाच्या पुलाकडे पाहण्याची सवय लोकांना कोणी लावली, हा विचार मनात येतोच.

इव्हेन्सचा धडा भिडे पुलाला जसाच्या तसा लागू होतो. पूल काम करत असताना त्याला पाहावं. या पुलाची दोन कामं आहेत, माणसं वाहणं आणि पाणी वरून जाऊ देणं. दोन्हींसाठी शटरचा विचार करावा लागतो.

माणसांच्या बाबतीत शटर लांबवलं की काय होतं ते फोटोग्राफीच्या जन्मापासून माहीत आहे. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसं उमटलीच नाहीत. रस्ता ओसाड दिसतो. एका कोपऱ्यात एक माणूस मात्र आहे, बुटाला पॉलिश करून घेत स्थिर उभा होता म्हणून. आज १० स्टॉपचा एनडी फिल्टर लेन्सवर लावला की उजेड १०२४ पटीने कमी होतो आणि १/६० सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांचं होतं. भर गर्दीत भिडे पूल रिकामा दिसू लागतो, आणि जो थांबला आहे तेवढाच उरतो. कठड्यापाशी पाणी पाहत उभा असलेला कोणी, गाडी बंद पडलेला कोणी. उलट १/१५ किंवा १/८ सेकंद ठेवून धावत्या दुचाकीबरोबर कॅमेरा फिरवला तर चालवणारा स्पष्ट आणि मागचं शहर पुसट पट्ट्यांचं होतं. मला हे दुसरं चित्र या पुलाच्या स्वभावाला जास्त मानवणारं वाटतं.

पुराच्या पाण्याला मात्र लांब एक्स्पोजर देऊ नये असं माझं मत आहे. १७ सेकंदांत पुराचं पाणी रेशमी धुरासारखं गुळगुळीत होतं आणि त्यातला जोर निघून जातो. १/३० ते १/८ सेकंदात प्रवाहाचे तंतू टिकतात आणि हालचालही दिसते. आणि इथे ती घडी, जी वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते. बुडालेल्या पुलावरून जाताना पाणी किंचित फुगतं, पुलाच्या पुढे वेगाने खाली झेपावतं आणि संथ पाण्याला धडकून मागे उलटतं. त्या उलटण्याचा फेस म्हणजे ती आडवी रेघ. ती पुलावर नसते, पुलाच्या थोडी पुढे असते. पाणी वाढत जाईल तशी ती अस्पष्ट होते. पूल फार खोल गेला की वर काहीच खूण उरत नाही. म्हणजे फोटो नीट पाहिला तर पूल साधारण किती बुडाला आहे याचा अंदाज घेता येतो. दिसत नसलेल्या पुलाचं हे पाण्याने काढलेलं चित्र आहे, आणि मला ते या पुलाच्या सगळ्या रूपांत सर्वांत देखणं वाटतं.

ते चित्र काठावरूनच घ्यायचं, उंच पुलावरून. पाणी सोडलं आहे हे कळल्यावर पात्रात उतरू नये, पायऱ्यांवरही नाही. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता, म्हणजे दर सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. त्याच दिवशी पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडी भागात, या पुलापासून जवळच, पावसाच्या पाण्यात विजेचा धक्का बसून तीन माणसं दगावली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा याच पात्राने काय केलं ते पुण्याची जुनी घरं अजून विसरलेली नाहीत. पुराचा फोटो काढणाऱ्याने हे मनात ठेवूनच कॅमेरा उचलावा. पाण्यात कोणाचं तरी घर, हातगाडी, सामान असतं.

इथे ट्रायपॉड लावला की कोणी ना कोणी थांबतं आणि विचारतं, “काय हो, पाणी सोडलंय का?” नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, “मग फोटो कशाचा काढताय?” पुलाचा, म्हटलं की लोक पुलाकडे वळून पाहतात. काही जण मग आपणहून सांगू लागतात, आमच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं, गणपतीच्या दिवसांत घाटावर किती गर्दी असते, कुठल्या कोपऱ्यावर सकाळी खंड्या बसतो. फोटोसाठी याहून चांगली माहिती मिळत नाही. ज्याचा चेहरा ओळखू येईल त्याला मात्र विचारून घ्यावं. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया, पुलाखाली झोपलेली माणसं हे दृश्याचा भाग वाटले तरी ती त्यांची राहायची जागा आहे.

गेल्या काही वर्षांत या पुलाच्या डोक्यावरचं आकाश बदललं. मेट्रोची मार्गिका नदीपात्राच्या कडेने खांबांवर आली. २०२१ मध्ये लकडी पुलावरून जाणाऱ्या या मार्गिकेच्या उंचीवरून, विसर्जनाच्या रथांना ती अडेल म्हणून, मोठा वाद झाला होता. डेक्कन जिमखाना स्टेशन ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. पुढे स्टेशनातून पेठेत जाण्यासाठी पादचारी पूल बांधायला घेतला आणि त्या कामासाठी २०२५ मध्ये भिडे पूल बराच काळ वाहतुकीला बंद होता. जुनं पुणं हवं असणारे फोटोग्राफर मेट्रोचे खांब टाळायला कसरती करतात. मला ते खांब हवे आहेत. नदीच्या तळाशी पुराला वाट देणारा पूल आणि पुराच्या कितीतरी वर ठेवलेला रूळ, नदीशी वागण्याच्या दोन रीती एकाच चौकटीत इतक्या स्पष्टपणे समोरासमोर उभ्या असलेली दुसरी जागा पुण्यात मला तरी माहीत नाही. संध्याकाळी गाडीच्या उजळ खिडक्यांची ओळ वरून सरकते आणि तिचं प्रतिबिंब पुलाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात तुटक तुटक जातं. पूल मधे असल्यामुळे ते तुटतं.

डिसेंबर-जानेवारीत कधी पहाटे पाण्यावर वाफ धरते. पाणी हवेपेक्षा गरम असतं म्हणून. अशा वेळी कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नये. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काँक्रीटच्या पुलाला हे गृहीतक बरं जमतं, तो करडाच आहे, धुक्याला नाही. पांढरं धुकं राखेच्या रंगाचं येतं. एक्स्पोजर एक किंवा दीड स्टॉप वाढवलं की धुकं धुकं दिसतं आणि पूल त्यात हलक्या पेन्सिलच्या रेघेएवढा उरतो.

शेवटी एका शिस्तीविषयी. पॅरिसची जुनी गल्लीबोळं पाडली जायच्या आधी शार्ल मारव्हीलने त्यांचे फोटो काढले. पुढे ओझेन आत्जेने त्याच शहराचे पूल, जिने, दारं, दुकानं हजारो काचांवर उतरवली आणि हे फोटो तो चित्रकारांना संदर्भासाठी विकायचा. त्यांत आज आपल्याला जे सौंदर्य दिसतं ते त्याच्या नेमकेपणातून आलेलं आहे. मुळा-मुठेच्या काठांवर सुधारणेचं काम सुरू आहे; काठ, घाट, पात्रातले रस्ते आज आहेत तसे राहणार नाहीत. म्हणून भिडे पुलाचे फोटो काढायचे तर एक जागा कायमची ठरवावी. झेड ब्रिजच्या कठड्याचा एखादा खांब पक्का धरावा, कॅमेरा त्याच उंचीवर ठेवावा, लेन्सचा पल्ला तोच ठेवावा, आणि पुढच्या वेळी मागचा फोटो सोबत नेऊन लकडी पूल, मेट्रोचा खांब आणि भिडे पुलाची कड एकमेकांशी जुळतात का ते पाहून मगच बटण दाबावं. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि वेळ लिहावी, आकाश कसं होतं ते लिहावं, आणि पावसाळ्यात एक आकडा न विसरता लिहावा, त्या तासाला खडकवासल्यातून विसर्ग किती क्युसेक होता. तो वर्तमानपत्रात रोज छापून येतो.